सोलापूरभोवती ग्रॅव्हल सायकल: मुरूम, माळ आणि तलावांच्या वाटा

ग्रॅव्हल सायकलला, म्हणजे कच्च्या वाटांसाठीच्या रुंद टायरच्या सायकलला, जे जे लागतं ते सोलापूरपासून दीडशे किलोमीटरच्या आत मिळतं. शहराच्या उशाला हिप्परगा तलाव, त्यापुढे नान्नजचं माळरान, तुळजापूर ते येडशी पसरलेल्या बालाघाटच्या झाडीभरल्या टेकड्या, वायव्येला उजनीचा फुगवटा आणि दक्षिणेला भीमा-सीनेचा संगम. घनदाट अरण्य शोधणाऱ्याने इथे येऊ नये. इथलं जंगल म्हणजे खैर, हिवर, बोर, धावडा आणि कमरेएवढं गवत. पण मोकळ्या क्षितिजाची, मुरमाची, दिवसभरात चार गाड्याही भेटणार नाहीत अशी वाट हवी असेल, तर हा परिसर फार श्रीमंत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: इथे वाट निवडायची ती पायाखालची माती आणि तलावातलं पाणी पाहून. जानेवारीत फुलासारखी वाटलेली तीस किलोमीटरची पाणंद सप्टेंबरात तीन किलोमीटरही चालू देत नाही. नकाशावर मात्र ती बाराही महिने सारखीच दिसते.

आधी जमीन ओळखा

मुरूम ही आपली खरी मित्र जमीन. बसाल्ट कुजून झालेला हा लालसर-पिवळट चुरा पाणी झिरपू देतो. रात्री पाऊस पडला तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुरमाड चढण चालवण्याजोगी होते. माळ, टेकड्यांचे उतार आणि तलावांच्या वरच्या अंगाच्या वाटा बहुतेक मुरमाच्या असतात. धोका वळणावर असतो. तिथे बारीक खडे सुटे होऊन बॉलबेअरिंगसारखे चाकाखाली फिरतात. वेग वळणाआधी कमी करा. वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटलंच.

काळी माती पूर्ण वेगळी. कोरडी असेल तर ती सिमेंटसारखी कडक आणि वेगवान असते, पण पावसाळ्यात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या तशाच वाळून राहतात. चाकोरीत पुढचं चाक अडकलं की हँडल वळत नाही आणि माणूस बाजूला पडतो. दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावरून सायकल चालवा. एका चाकोरीतून दुसरीकडे जायचं झालं तर तिरकं न काढता वेग अगदी कमी करून, जमेल तितकं काटकोनात पार करा. मार्च-एप्रिलमध्ये याच मातीला भेगा पडतात. वाटेच्या दिशेने गेलेली भेग चाळीस मिलिमीटरच्या टायरला सहज गिळते.

ओली काळी माती मात्र अजिबात चालवायची नाही. ती टायरला चिकटते, वर गवत-पाचट ओढून घेते आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) खाली, मागच्या ब्रेकजवळ ठासून बसते. चाक फिरायचं थांबतं. तरीही जोर लावला तर मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ओढला जाऊन त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर तुटतो. पारख सोपी आहे: उतरून दहा पावलं चाला. बुटाखाली थर चढत गेला तर परत फिरा. चांगला पाऊस झाल्यावर काळ्या रानातल्या पाणंदीला निदान चार-पाच दिवस कडक ऊन मिळू द्या. अडकलातच तर सायकल ढकलू नका, खांद्यावर घ्या. ढकलल्याने चिखल आणखी भरतो. बाभळीची सपाट काटकी किंवा टायर लिव्हरने फोर्क आणि चेनस्टेजवळचा (मागच्या चाकालगतच्या खालच्या नळ्यांजवळचा) चिखल काढा, पिण्याचं पाणी त्यावर घालवू नका.

कालव्यालगतचे सेवारस्ते तिसऱ्या प्रकारचे. सपाट, सरळ आणि लांब असल्यामुळे ते मोह पाडतात. पाण्याचं आवर्तन सुरू असलं की पाझराने रस्ता जागोजागी चिबड होतो, म्हणून आवर्तन संपून पंधरा-वीस दिवस झाल्यावर जाणं चांगलं. आवर्तन चालू असताना काँक्रीटच्या अस्तराच्या कालव्यात पडलेल्या माणसाला बाहेर येता येत नाही. उतार शेवाळलेला असतो, पकडायला काही नसतं. पाण्याच्या काठाकडून न चालता शेताच्या बाजूने चाला आणि अशा रस्त्यावर दोघांनी शेजारी-शेजारी जाऊ नका.

चौथा प्रकार फुफाट्याचा. ऊस वाहतुकीच्या दिवसांत, साधारण नोव्हेंबर ते मार्च, ट्रॅक्टरांनी दळून काढलेल्या मातीचा घोट्याएवढा थर साचतो. त्याखाली खड्डा आहे की दगड हे कळत नाही. वजन मागे घ्या, हलका गिअर ठेवा, पायडल मारत राहा, हँडल घट्ट आवळू नका.

सायकल आणि सामान

चाळीस ते पंचेचाळीस मिलिमीटरचे टायर हे इथलं योग्य माप. पस्तीसने चालतं, पण बालाघाटच्या दगडी उतारांवर रिम आपटतो. फ्रेममध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना निदान सहा मिलिमीटर मोकळी जागा हवी. पुढे सस्पेन्शन असलेली साधी हार्डटेल एमटीबी (माउंटन बाइक) असेल तर तीही या वाटांना उत्तम. ग्रॅव्हल सायकल नाही म्हणून थांबण्याचं कारण नाही.

हवेचं प्रमाण, चालवणाऱ्याचं वजन ७० किलोच्या आसपास धरून: चाळीसच्या ट्यूबलेस टायरला पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआय; पंचेचाळीसला पुढे २६, मागे २९. ट्यूब असेल तर पाच ते आठ पीएसआय जास्त, नाहीतर दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. वजन दहा किलोने वाढलं की प्रत्येक चाकात दोन-तीन वाढवा. हवा पहाटे थंडीत भरलेली असते, उन्हात टायर तापला की दाब थोडा आपोआप चढतो, म्हणून उन्हाळ्यात थोडी कमीच ठेवा.

इथे ट्यूबलेस हवंच, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण काटे. माळावरचे सराटे, शेताच्या कुंपणाला टाकलेल्या बाभळी-बोरीच्या फांद्या आणि तलावांच्या काठी माजलेली वेडी बाभूळ. वेड्या बाभळीचा लांब, ताठ काटा टायरच्या बाजूच्या पातळ भिंतीतूनही आत जातो. प्रत्येक टायरमध्ये नव्वद ते शंभर मिलिलिटर सीलंट (भोक आपोआप बुजवणारा पातळ द्रव) घाला. डब्यावर साठ लिहिलेलं असलं तरी सराट्यांच्या मुलखात तेवढं पुरत नाही. सोलापूरच्या उन्हात ते लवकर वाळतं. फेब्रुवारी ते जून दर सहा आठवड्यांनी व्हॉल्व्ह कोर (व्हॉल्व्हच्या आतला बारीक भाग) काढून आत काडी बुडवून बघा. काडी कोरडी आली तर पन्नास मिलिलिटर भर घाला.

काटा रुतलेला दिसला आणि हवा जात नसेल, तर तो तसाच ठेवून घरी या. काढायचाच झाला तर उपटल्याबरोबर भोक जमिनीकडे येईल असं चाक फिरवून अर्धा मिनिट थांबा. सीलंट तिथे जमतं आणि भोक बुजतं. ट्यूब वापरत असाल तर एक काटा काढून एक पॅच लावण्यात अर्थ नाही. सराटे एकटे येत नाहीत. टायर पूर्ण उतरवा, आतून फडकं फिरवा. ते जिथे जिथे अडकेल तिथे काटा आहे. बोट फिरवू नका.

गिअरचं गणित: पुढे ४० दात्यांची एक चकती आणि मागे ११-४२ची कॅसेट, किंवा पुढे ४६/३० आणि मागे ११-३४. सर्वांत हलका गिअर एकास एकपेक्षा हलका असला पाहिजे. सुट्या मुरमाच्या चढावर उभं राहून पायडल मारलं की मागचं चाक जागेवरच घसरतं. बसूनच चढायचं, आणि त्यासाठी हलका गिअर लागतो.

सोबत घ्यायचं सामान: दोन ट्यूब (ट्यूबलेस असलं तरी), प्लगचा संच, पॅच, पंप, चेन ब्रेकरसह मल्टिटूल, आपल्या चेनला बसणाऱ्या दोन क्विक लिंक (चेन जोडायच्या सुट्या कड्या), आपल्याच फ्रेमचा जादा डिरेलर हँगर आणि जुन्या टायरचा बोटभर लांब तुकडा. टायर फाटला तर तो तुकडा आतून लावून वर ट्यूब टाकता येते. प्रेस्टा (सायकलच्या बारीक) व्हॉल्व्हवर बसणारा पितळी अडॅप्टर जरूर ठेवा. गावातल्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याचा नोझल मोटरसायकलच्या व्हॉल्व्हसाठी असतो आणि एवढ्याशा अडॅप्टरअभावी माणूस अडकतो. हँगर ही प्रत्येक फ्रेमची वेगळी वस्तू असते. ती सोलापुरात आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका, सायकल घेतानाच दुसरा घेऊन ठेवा.

धुळीत चेनला पातळ, कोरडं वंगण किंवा मेणाचं वंगण घाला. घट्ट तेल लावलं की फुफाटा त्याला चिकटून घासकागदासारखी खरखरीत कणीक होते आणि चेन निम्म्या आयुष्यात ताणते.

वाट आखण्याची पद्धत

ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेल्या एखाद्या ॲपमध्ये कच्चे रस्ते दिसतात. त्यावर आराखडा काढा. मग प्रत्येक कच्चा तुकडा उपग्रहचित्रावर मोठा करून पाहा. दोन चाकांच्या दोन समांतर पांढऱ्या रेषा म्हणजे चालू वाट. एकच पुसट रेषा म्हणजे पायवाट किंवा शेळ्यांची वाट, जी बहुतेक वेळा कुणाच्या तरी बांधावर संपते. गडद करडी जमीन म्हणजे काळं रान, फिकट तांबूस म्हणजे मुरूम. चित्र कोणत्या महिन्याचं आहे तेही बघा. उन्हाळ्यात घेतलेल्या चित्रातला ओढा कोरडाच दिसणार.

एक फसवी रेषा ओळखून ठेवा. नान्नज आणि येडशीच्या वनजमिनीत उपग्रहचित्रावर रुंद, सरळ, स्वच्छ पट्टे दिसतात. त्या वाटा नव्हेत, वणवा पसरू नये म्हणून वनखात्याने काढलेल्या जाळरेषा आहेत. त्यांवरून सायकल न्यायची नाही.

दर वीस किलोमीटरला डांबरी रस्त्यावर निघता येईल अशी सोय आराखड्यात ठेवा. जीपीएक्स फाइल (आखलेल्या वाटेची नोंद) आणि ऑफलाइन नकाशा दोन्ही फोनमध्ये घ्या. वेळेचा अंदाज: कोरड्या मुरमावर ताशी १४ ते १७ किलोमीटर, चाकोऱ्या आणि दगडांवर १०. डांबरीचा हिशेब कच्च्याला लावला की परतताना अंधार होतो.

वाटेत विचारायचं कसं, हेही शिकून घ्यावं लागतं. "मामा, ही वाट पुढं निघते का?" असं विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात, कारण पायी सगळ्याच वाटा निघतात. "मोटरसायकल जाते का?" असं विचारा. मोटरसायकल जात असेल तर आपली सायकल जाते. "ट्रॅक्टर जातो का?" याचा उपयोग नाही, ट्रॅक्टर चिखलातूनही जातो. वाट कुणाच्या रानातून जात असेल तर मालकाला विचारूनच जा, फाटक उघडलं तर लावून घ्या, आणि उभ्या ज्वारीतून किंवा पेरलेल्या सरीतून चाक घालू नका.

नदी ओलांडायला कोल्हापूर पद्धतीचे बंधारे उपयोगी पडतात; सीना आणि भीमेवर ते जागोजागी आहेत. वरची फरशी अरुंद असते आणि अनेक ठिकाणी कठडा नसतो. सायकलवरून उतरा, सायकल प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरून चालत जा. फरशीवरून पाणी वाहत असेल तर घोट्याएवढं असलं तरी परत फिरा.

हिप्परगा आणि नान्नज: पहिली फेरी

नवख्याने इथून सुरुवात करावी. एकरुख म्हणजेच हिप्परगा तलाव अदिला नदीवर मातीचा बांध घालून ब्रिटिश काळात, १८७१ साली पूर्ण झाला. तो शहरापासून सहा-सात किलोमीटरवर, तुळजापूर रस्ता आणि बार्शी रस्ता यांच्या मध्ये पसरला आहे. बार्शी रस्त्याने बाहेर पडा, तलावाच्या वरच्या अंगाने एकरुख-तरटगावच्या बाजूच्या कच्च्या वाटांनी पूर्वेला सरका आणि तुळजापूर रस्त्याने परत या. तीस-पस्तीस किलोमीटरची फेरी होते. चढ नगण्य, पण मुरूम, काळी माती आणि काठचा गाळ तिन्ही एकाच सकाळी चाकाखाली येतात. सायकलची हवा किती ठेवायची हे इथेच कळतं. तलाव भरलेला असताना काठच्या वाटा पाण्याखाली जातात, तेव्हा एक शेत वरून जाणारी वाट धरा. महामार्गावर यायच्या आधी मागचा लाल दिवा लावा, भर दिवसाही.

पुढची पायरी नान्नज. सोलापूरहून बार्शी रस्त्याने सुमारे बावीस किलोमीटर. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झालं. नान्नज, मार्डी, अकोलेकाटी, कारंबा या परिसरातले गवताळ पट्टे एकसंध नाहीत; मध्ये शेती, गावं, पाणंदी आहेत. सायकल चालवायची ती या गावांना जोडणाऱ्या सार्वजनिक कच्च्या रस्त्यांवरूनच. वनखात्याचा फलक, तारेचं कुंपण किंवा गवतातले समतल चर दिसले की ती हद्द समजा. अभयारण्यात प्रवेशाला परवानगी लागते आणि माळावर सायकल घालण्याची परवानगी त्यात धरलेली नसते. चर हे सायकलस्वारासाठीही वाईट: गवतात दिसत नाहीत आणि पुढचं चाक थेट आत जातं.

माळढोक आता इथे क्वचितच दिसतो आणि त्याचा विणीचा काळ पावसाळ्यात येतो. त्या महिन्यांत या पट्ट्यांजवळ जाऊच नये, ही आमची आग्रहाची विनंती. हिवाळ्यात सकाळी सातच्या सुमारास काळविटांचे कळप दिसतात, लांडगा, खोकडही. थांबून बघा, पाठलाग करू नका. फेब्रुवारीनंतर गवत पेट घेतं, तेव्हा स्टोव्ह, बिडी, काडी काहीही नको.

इथून वैरागमार्गे बार्शीपर्यंत दिवसभराची वाट करता येते. वैराग-बार्शी पट्ट्यात नागझरी नदीवरचा जवळगाव आणि भोगावतीवरचा हिंगणी असे दोन मध्यम प्रकल्प आहेत. दोन्हीकडे डांबरी सोडून काठच्या गावांच्या वाटांनी जाता येतं. कच्च्याची वळणं धरून सोलापूर ते बार्शी ऐंशी-नव्वद किलोमीटर भरतात. परतीला बस किंवा रेल्वे ठरवून ठेवा, त्याच दिवशी चालवत मागे यायचा हट्ट नको.

तुळजापूर-नळदुर्ग: चढाची फेरी

सोलापूर–तुळजापूर ४५ किलोमीटर, तुळजापूर–नळदुर्ग बत्तीस-पस्तीस, आणि नळदुर्गहून परत सुमारे पन्नास. कच्च्याची भर धरून पूर्ण फेरी एकशे तीस किलोमीटरच्या घरात जाते. सरावलेल्या माणसालाही हा पहाटे ते संध्याकाळचा दिवस. दोन दिवसांत करून तुळजापुरात किंवा नळदुर्गला मुक्काम करणं जास्त शहाणपणाचं.

उळे, कासेगाव, तामलवाडी ही गावं महामार्गावर आहेत, पण त्यांच्या आतल्या अंगाने पाणंदी आणि ओढ्याकाठचे रस्ते बराच भाग झाकतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर, तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. चढ बहुतेक शेवटच्या टप्प्यात, घाटात एकवटलेला आहे. घाट डांबरी रस्त्यानेच चढा. बाजूच्या मुरमाच्या वाटा उतरायला बऱ्या वाटतात, पण पावसाने खोदलेल्या घळी वळणामागे लपलेल्या असतात. नवरात्रात आणि कोजागरीच्या आधीच्या दिवसांत लाखो भाविक सोलापूरहून तुळजापूरला पायी जातात आणि रस्ता वाहनांना बंद होतो. तेव्हा ही फेरी आखू नका.

तुळजापूर ते नळदुर्ग हा सगळ्यात सुंदर तुकडा. बालाघाटचं पठार, तुटलेले मुरमाड उतार, मध्ये पाझर तलाव. इथे वेग आवरा: दगड धारदार आहेत, टायरची बाजू कापली जाते. नळदुर्गला बोरी नदीवर किल्ल्याला जोडून बांधलेला आदिलशाही काळातला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल आहे. किल्ल्यात सायकल नेऊ नका, बाहेर कुणाच्या तरी नजरेखाली ठेवा. जुन्या बांधकामांवर आणि पुलांखाली आग्या मोहोळ असतं. तिथे अत्तर, धूर, मोठा आवाज टाळा.

परतीला हैदराबाद महामार्ग सरळ असला तरी जड वाहनांचा आहे. इटकळ, बोरामणीच्या बाजूच्या गावरस्त्यांनी वेळ जास्त लागतो, तो द्यावा.

येडशी-रामलिंग

झाडी हवी असेल तर हीच. बार्शीहून पांगरीमार्गे येडशी पंचवीस-तीस किलोमीटर; धाराशिवहूनही जवळ. रामलिंग घाट अभयारण्य बावीस चौरस किलोमीटरच्या आसपास, पानझडी जंगलाचं. मंदिरापर्यंतच्या रस्त्याने जाता येतं. बाकी आतल्या वाटांसाठी वनखात्याच्या येडशीतल्या कर्मचाऱ्यांना विचारा आणि नाही म्हणाले तर वाद घालू नका. २०२४ च्या डिसेंबरमध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून आलेला वाघ याच जंगलात कॅमेऱ्यात टिपला गेला, पुढे बार्शी तालुक्यातही त्याचा वावर होता. बिबटे तर या पट्ट्यात आहेतच. म्हणून इथे पहाटेच्या अंधारात किंवा तिन्हीसांजेला सायकल नको, एकट्याने तर मुळीच नको. सकाळी आठ ते दुपारी चार ही वेळ ठेवा. अभयारण्याच्या बाहेरचे, टेकड्यांच्या पायथ्याचे गावरस्तेही तितकेच देखणे आहेत आणि तिथे कुणाला त्रास होत नाही. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा इथला उत्तम काळ. मार्चपर्यंत पानगळ होऊन सावली संपते.

उजनीचा उत्तर काठ

करमाळा तालुक्यातल्या या वाटा इतर सगळ्यांपेक्षा वेगळ्या वागतात, म्हणून त्यांची तयारीही वेगळी. उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर आहे आणि मृतसाठ्याची ४९१.०३. या सहा मीटरच्या फरकात काठचे कित्येक किलोमीटर रस्ते वर्षातून एकदा बुडतात आणि पुन्हा बाहेर येतात. तुमच्या जीपीएक्स फाइलमध्ये उंची दिसते. धरण भरलेलं असताना ४९७ च्या खालचा प्रत्येक तुकडा पाण्यात आहे असं धरा. ॲपमधली उंची चार-पाच मीटरने चुकू शकते, म्हणून ५०२ च्या खालच्या सगळ्याच तुकड्यांना पर्यायी वाट काढून ठेवा. धरण किती टक्के आहे ते वर्तमानपत्रात रोज येतं. शंभरच्या आसपास असेल तेव्हा गावांना जोडणाऱ्या वरच्या रस्त्यांनीच जा. उण्यात (मृतसाठ्याच्याही खाली) गेलेलं असेल तेव्हा मोठा गाळपट्टा उघडा पडतो. वरून वाळलेला, तडकलेला, पण पाण्याजवळ पापडीखाली गुडघाभर चिखल. जिथे ट्रॅक्टरचे किंवा जनावरांचे ताजे माग आहेत तिथपर्यंतच सायकल न्या. लोकांनी गाळपेर (उघड्या गाळात पेरणी) केलेली असेल तर ते त्यांचं पीक आहे.

सोलापूरहून रेल्वेने जेऊरला उतरणं सोयीचं. गाडी तिथे थांबते का ते त्या दिवशीच्या वेळापत्रकात पाहा. सायकल पार्सल म्हणून बुक करता येते, पण छोट्या स्थानकावर थांबा एक-दोन मिनिटांचा असतो आणि ब्रेकव्हॅनमधून उतरवून घेण्यात धावपळ होते. दोन्ही चाकं काढून पिशवीत भरणं बरं. चाकं काढल्यावर डिस्क पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची जाड घडी घाला. प्रवासात ब्रेक दाबला गेला तर पॅड आवळून बसतात आणि चाक परत आत जात नाही. डिरेलर सोडवून मागच्या त्रिकोणात आत बांधा.

जेऊरहून शेटफळ, चिखलठाण, कुगाव, मग पश्चिमेला केत्तूर आणि पारेवाडी स्थानकावर शेवट: काठाच्या वळणांसह पन्नास-साठ किलोमीटर. रस्त्याला केळी आणि ऊस, उघड्यावर आलात की वारा. पलीकडच्या इंदापूर तालुक्यात होडीने सायकल नेण्याचा मोह टाळा. २१ मे २०२४ रोजी कुगाव–कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. धरणाच्या भिंतीवर आणि दरवाजांच्या परिसरात सायकल व फोटो दोन्ही नकोत.

दक्षिणेची हत्तरसंग कुडल ही चाळीस किलोमीटरवरची वाट थोडक्यात: भीमा-सीनेच्या संगमावर शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, रस्ता मंद्रूपमार्गे, आणि जमीन जवळजवळ सगळी काळी. डिसेंबर ते मार्चच.

ऊन, वारा, पाणी, भाकरी

हंगाम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये सकाळी दहाला सायकल थांबली पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर राहतो आणि माळावर सावलीचं झाड पाच-पाच किलोमीटर नसतं. तेव्हा हिप्परग्यापलीकडे जाऊ नका.

जून ते ऑगस्ट वारा पश्चिमेचा आणि जोरकस. आधी पश्चिमेकडे जा, म्हणजे थकल्यावर वारा पाठीशी येतो. हिवाळ्यात तो ईशान्य-पूर्वेकडून हलका असतो, तेव्हा तुळजापूरच्या बाजूला आधी.

पाणी ताशी पाऊण लिटर, मार्चपासून एक लिटर. निघताना तीन लिटर घ्या. अनेक गावांत बोअरचं पाणी मचूळ असतं. ग्रामपंचायतीच्या किंवा खासगी शुद्ध पाण्याच्या केंद्रावर बाटली भरा. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटरमध्येच घोळा, दाट केल्याने पोट बिघडतं.

खाण्यासाठी महागड्या जेलची गरज नाही. सोलापूरची कडक भाकरी सांडत नाही, आंबत नाही, आठवडाभर टिकते. तिच्यावर शेंगाची चटणी आणि गुळाचा खडा घेतला की पीठ, तेल, मीठ, साखर सगळं मिळतं. कुरकुरीत असल्यामुळे ती सुटी ठेवली तर चुरा होतो, म्हणून चपट्या डब्यात भरा. दर पाऊण तासाला थोडं खा. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

वाटेवरचे प्राणी आणि अपघात

मेंढ्यांच्या कळपासोबतची कुत्री राखणीची असतात. लांबूनच वेग कमी करा, शंभर पावलांवर थांबून धनगराला हाक मारा, तो कुत्रं बोलावून घेतो. कुत्रं अंगावर आलंच तर उतरा, सायकल मध्ये धरा, त्याच्याकडे पाठ करू नका आणि हळूहळू मागे सरका. पळालात तर ते पाठ सोडत नाही. बैलगाडीला मागून घंटी वाजवू नका. बैल बुजतात आणि उसाची गाडी कलंडते. हाक द्या, गाडीवाला जागा देतो.

पडल्यावर आधी स्वतःकडे बघा. हेल्मेटला तडा, डोकं जड, ओकारी यांपैकी काहीही असेल तर सायकल तिथेच राहू द्या आणि १०८ ला फोन करा. ११२ वरही मदत मिळते. जवळचं गाव आणि फाटा यांची नावं सांगता आली पाहिजेत, म्हणून दर गावाची पाटी मनात ठेवत चला. मग सायकल: डिरेलर चाकाकडे वाकलाय का ते मागून पाहा. वाकला असेल तर सर्वांत हलक्या गिअरवर टाकू नका, तो स्पोकमध्ये जाऊन चाकच संपवतो. हँगर तुटला आणि जादा नसेल, तर चेन ब्रेकरने चेन तोडा, डिरेलर बाजूला करा, मधल्या चकतीवर सरळ रेषेत येईल एवढी चेन ठेवून क्विक लिंकने जोडा. एका गिअरवर डांबरी रस्ता गाठता येतो. चेन फार घट्ट ठेवू नका, अर्ध्या बोटाएवढी ढील हवी.

घरी आल्यावर चिखल वाळण्याआधी बादलीभर पाणी आणि मऊ ब्रशने सायकल धुवा. वॉशिंग सेंटरच्या दाबाच्या फवाऱ्याने बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. टायर हाताने फिरवत सराटे मोजून काढा, कुठे सीलंटचा ओला डाग उरला असेल तर ती जागा खाली ठेवून सायकल रात्रभर उभी करा.